मामीचं नाक आणि लाँड्रीची विहीर

माझी मामी जमिनीला भोकं पाडते. कुणी विचारलं, मामी काय करते, की मी हेच सांगते. लोक हसतात. मी हसत नाही. मग जरा वेळानं तेही थांबतात.

कुठं डिझेलची टाकी गळली, कुठं जुना पेट्रोल पंप बंद पडला, कुठं गॅरेज पाडून बिल्डिंग उभी करायची ठरली, की आधी हाच प्रश्न येतो. खालची माती किती बिघडलीय? डिझेल मातीतच बसलंय की खालच्या पाण्यापर्यंत पोचलंय? वरून बघून काही कळत नाही. वर फरशी असते, गवत असतं, कुणाची तरी स्कूटर लावलेली असते. मग मामीला बोलावतात. मामी येते, स्कूटर हलवायला लावते आणि भोक पाडते.

अंगानं ती एवढीशी. मशिनच्या वरच्या दांड्याला तिचा हात पुरत नाही म्हणून उपड्या क्रेटवर उभी राहते. एका कंत्राटदारानं खरंच विचारलं होतं, "ताई, ऑपरेटर कुठंय?" मामी म्हणाली, "क्रेटवर." तो बिचारा क्रेटकडेच बघत राहिला.

मशीन मूळचं मामाचं. मामा गाडीच्या फळीवरून पाठीवर पडला आणि त्याची कंबर जी रुसली ती रुसलीच. सगळे म्हणाले, मशीन विका. मामी म्हणाली, "विकायचं कशाला? दांडा वर, दांडा खाली. एवढंच ना?" एवढंच नसतं. पण हे तिला कळेपर्यंत ती शिकून मोकळी झाली होती. मामानं अंगणात खुर्ची टाकून शिकवलं. म्हणजे तो खुर्चीतून ओरडायचा, ती क्रेटवरून उलट ओरडायची. शेजाऱ्यांना वाटलं, आता ह्यांचं काडीमोडापर्यंत जातंय. आता मामा घरी स्वयंपाक करतो, मामी बाहेर भोकं पाडते आणि रात्री जेवताना दोघं एकमेकांच्या कामातल्या चुका काढतात.

मी तिच्याकडे आले नववीनंतर. शाळेला मी सोडलं की शाळेनं मला, यावर घरात अजून दोन मतं आहेत. आईनं मामीला फोन केला, "हिला जरा वळण लाव गं." मामी म्हणाली, "वळणबिळण मला जमत नाही. कामाला लावते." पहिल्या दिवशी मी इतकी धावपळ केली की पाण्याचा कॅन पाडला, नळ्यांचा गठ्ठा पाडला आणि शेवटी स्वतः पडले. तेव्हापासून मी 'वादळ'. माझं खरं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय.

मामीचा एक नियम आहे, आणि तो मोडला तर ती आईलाही सोडणार नाही. सकाळी गाडीतून उतरतानाच ठरवायचं, आज मळके हात कुणाचे आणि स्वच्छ हात कुणाचे. मळक्या हातांनी जनरेटरमध्ये डिझेल भरायचं, मशिनला तेल द्यायचं, जे काय बरबटायचं ते बरबटायचं. स्वच्छ हातांनी फक्त नमुने. बाटल्या, दोरी, पाणी काढायची नळी. एकदा ठरलं की दिवसभर बदलायचं नाही. कारण आपण शोधायला आलोय डिझेलच. आपल्याच बोटाचा थेंब बाटलीत गेला तर लॅबचं यंत्र तोही ओरडून सांगणार, आणि मग कुणाचं डिझेल कुणाच्या माथी बसेल त्याचा नेम नाही. मामी स्वच्छ असली आणि तिच्या कपाळावर माशी बसली तर मला हात लावता येत नाही. लांबून फुंकर मारायची. मामी म्हणते, "जोरात मार, जेवली नाहीस का?"

आणि दुसरं म्हणजे मामीचं नाक.

मशीन खालून मातीची लांब कांडी काढतं, प्लॅस्टिकच्या नळीत घट्ट बसलेली. ती आडवी ठेवून चिरायची. वर भराव, मग काळी माती, मग पिवळसर, मग वाळू. मामी तिच्यावरून हात हलवायची, वारा नाकाकडे घ्यायची आणि बोट ठेवायची. "इथून सुरू होतंय. इथं जास्त. इथं संपलं." आम्हाला कामं देणाऱ्या इंजिनियर मॅडम बरोब्बर तिथला तुकडा कापून बाटलीत भरायच्या. खरं तर वास घेणं चांगलं नाही, त्यासाठी मीटर असतो. पण मॅडमच्या ऑफिसचा मीटर दुरुस्तीला गेला होता तो गेलाच होता, आणि मॅडमना मामीच्या नाकाची सवय झाली होती.

गेल्या थंडीत मामीला ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.

हे आधी मामाला कळलं. तो मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाला, "वादळे, तुझ्या मामीचं काहीतरी बिनसलंय. चार दिवस झाले, माझ्या आमटीला नावं ठेवली नाहीत."

मग एका दुपारी गॅसवर दूध करपून काळं झालं, घरभर धूर. मी अंगणातून पळत आले तर मामी शेजारीच बसून निवांत नखं कापत होती. तिनं माझं तोंड बघितलं, मग पातेलं बघितलं. म्हणाली, "कुणाला बोललीस तर बघ."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. मामी म्हणाली, तोपर्यंत कुणाला सांगायचं नाही. "बाई मशीन चालवते हे लोकांनी कसंबसं गिळलंय. त्यात बाईचं नाक गेलं म्हटल्यावर झालंच. उद्यापासून दुसऱ्याला फोन." मला पटलं. आम्ही खुणा ठरवल्या. मातीची कांडी चिरली की मी शेजारी उभी राहायची. वास आला की एकदा खोकायचं, जास्त आला की दोनदा. मामी हात हलवायची, नाक फुगवायची आणि माझ्या खोकल्यावर बोट ठेवायची. इतकं झकास चाललं होतं की मॅडमनी मला खोकल्याचं औषध आणून दिलं. मी घेतलंही. गोड होतं.

तर हे सगळं असं असताना बस वर्कशॉपचं काम आलं.

वर्कशॉप जुनं, कधीचं बंद. आवारात जमिनीखाली डिझेलची लोखंडी टाकी. ती कधी गळायला लागली कुणालाच माहीत नाही. टाकी काढली तेव्हा तळाला गंजून चाळण झालेली. आवाराच्या मागे एक गल्ली उतरत जाते, दोन्ही बाजूंना घरं, आणि गल्लीच्या तोंडाशी लाँड्री. लाँड्रीच्या मागच्या अंगणात विहीर. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगत पाणी जिकडं सरकेल तिकडं सरकतं. खालचं पाणीही गल्लीसारखंच उताराला, म्हणजे लाँड्रीकडे. पाणी खात्यानं मॅडमना एवढंच विचारलं होतं, डिझेल कुठपर्यंत गेलंय? विहिरीपर्यंत गेलं असेल तर विहीर बंद. विहीर बंद तर लाँड्री बंद, कारण नळाच्या पाण्यावर दवाखान्याच्या चादरी धुऊन होत नाहीत.

हे लाँड्रीवालीला पक्कं माहीत होतं. मोठ्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या दोन नणंदा तिच्याकडे कामाला. तिघी चादरीची टोकं धरून घड्या घालायच्या आणि घड्या घालता घालता भांडायच्या. चादर ताणली गेली की कळायचं भांडण कुठवर आलंय.

आम्ही टाकीच्या खड्ड्याजवळून सुरुवात केली. तिथली माती हिरवट काळी, मी दोनदा खोकले, खरं तर डोळ्यांत पाणीच आलं. कुंपणाच्या भिंतीपाशीही दोनदा. गल्लीत शिरल्यावर एकदा. गल्लीच्या मध्यावर, लिंबाच्या झाडाखाली भोक पाडलं, तिथं मी नुसती उभी. मामीनं वाट बघितली. मी मान खाजवली. मामी म्हणाली, "मॅडम, इथं नाही." प्रत्येक भोकात जाळीदार पाइप उतरवला, पाणी स्थिरावू दिलं आणि मग एका दिवशी सगळ्या पाइपांतलं पाणी काढलं. लांब नळी, तळाला झडप, दोरीनं सोडायची, भरली की वर ओढायची. प्रत्येक पाइपला नवी नळी, नवी दोरी, सीलबंद पाकिटातली.

त्या दिवशी मळके हात माझे होते.

काम संपलं, सामान गाडीत चढवलं, मॅडम पलीकडे त्यांच्या गाडीत बसून बाटल्यांची लेबलं लिहीत होत्या. तेवढ्यात लाँड्रीवाली रस्त्यात आडवी.

"सगळ्या गल्लीला भोकं पाडलीत, आणि माझ्या विहिरीचं पाणी नाही घेणार?"

मामी म्हणाली, "ताई, यादीत नाहीये तुमची विहीर. लिंबाखाली चांगलं निघालं तर तुमच्यापर्यंत..."

"लिंबाला लाँड्री चालवायची नाहीये! माझी झोप उडालीय, बाई. एक बाटली घ्या. एक बाटली जड होते का तुम्हाला?"

मॅडमनी काच खाली करून विचारलं, काय झालं. मामीनं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "घ्या मग, एक बाटली जास्तीची आहे." नळी होती. दोरीची पाकिटं संपली होती. मामी म्हणाली, "पेटीत जादाची आहे ना, कोरीच आहे ती." मी म्हटलं हो, आहे. मी गाडीच्या पुढं उभी होते, मळकी, चिंधीला हात पुसत. मामीनं नवे हातमोजे चढवले, मागच्या पेटीतून दोरी काढली आणि अंगणात गेली. आत बॉयलरची वाफ, साबण, नणंदांचं भांडण. मामीनं विहिरीत नळी सोडली, पाणी काढलं, तपकिरी काचेच्या बाटलीत भरलं, झाकण लावलं, दोरी परत पेटीत टाकली. लाँड्रीवाली म्हणाली, "देव तुमचं भलं करो." आम्ही घरी आलो.

लॅबचा निकाल आला तेव्हा मॅडमनी कागद गल्लीतच गाडीच्या बॉनेटवर पसरले. टाकीजवळ भरपूर. भिंतीशी बरंच. गल्लीत थोडं. लिंबाखाली काही नाही. आणि लाँड्रीच्या विहिरीत डिझेल.

मी म्हटलं, "मधलं झाड सोडून पुढं कसं गेलं? उडी मारली?"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोन आलेख शेजारी शेजारी धरले. "हे वर्कशॉपचं डिझेल. जुनं आहे. मातीतले जीवाणू ते खातात, म्हणून हे बघ, नुसता उंचवटा राहिलाय. दात झिजून गेलेला कंगवा. आणि हे विहिरीतलं. सगळे दात जागच्या जागी. हे ताजं आहे. वर्कशॉपचं नाहीच."

"मग कुणाचं?"

मॅडमनी लाँड्रीच्या धुराड्याकडे बघितलं. "बॉयलर डिझेलवर चालतो ना त्यांचा?"

 

दुसऱ्या दिवशी पाणी खात्याच्या माणसानं विहिरीच्या पंपाला सील लावलं. लाँड्रीवालीच्या हातात नोटीस. तुमच्याच बॉयलरच्या टाकीतून गळतंय असा संशय, चौकशी होईपर्यंत विहीर बंद. तिनं स्वतःहून पाणी तपासायला लावलं आणि आता तीच आरोपी. आम्ही लिंबाखालचा पाइप झाकायला गेलो होतो, तर ती रस्त्यावर येऊन ओरडत होती, आमच्यावर नाही, आभाळावर. आत मळक्या चादरींचा ढीग दाराच्या चौकटीपर्यंत आला होता. नणंदा पहिल्यांदाच भांडत नव्हत्या.

ताजं डिझेल तर आमच्याही गाडीत असतं, हे मला वाटेत सुचलं. घरी आल्यावर मी गाडीची मागची पेटी उघडली. सरळ डोकं आत घातलं. जनरेटरचा डिझेलचा कॅन तिथंच असतो, कोपऱ्यात. त्याच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. कॅन वळणावर कलत असणार. खाली, कॅनला टेकून, ती दोरी. मी ती नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली.

इतका वास. आंधळ्यालाही दिसावा इतका. कुणाचंही नाक असतं तर पेटी उघडतानाच कळलं असतं. मामी सोडून.

मामी नळावर पाय धूत होती. मी दोरी तिच्यापुढं धरली. "मामी, डिझेल."

तिनं नळ बंद केला. दोरी हातात घेतली, सवयीनं नाकाला लावली, मग खाली केली.

"खूप आहे?"

"खूप."

ती पायरीवर बसली. मी म्हटलं, "हे बघ, ही दोरी मी आत्ता जाळून टाकते. कुणी बघितलं नाही. आणि नंतर लागलं असेल डिझेल, कशावरून त्या दिवशी होतं? तिच्या बॉयलरचं असेलच, तो बॉयलर तू बघितलास ना, कसा गुरगुरतो. तू कुणाचं काय वाईट केलंस? उलट उपकार म्हणून घेतली बाटली."

"झालं तुझं?"

"नाही झालं. तू सांगितलंस तर नाक पण सांगावं लागेल. मग कोण देणार काम? मामाची कंबर मशीन चालवणार?"

आतून मामा ओरडला, "माझ्या कंबरेला मध्ये आणू नका!"

मामी म्हणाली, "आधी लागलं की नंतर, हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. पण ते आपण दोघींनी नळावर बसून ठरवायचं? त्या बाईची विहीर आहे ती."

"मला ती बाई माहीत नाही. मला तू माहीत आहेस."

मामीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी उलट बोलले असते. म्हणाली, "माहीत आहे ना मी? मग चप्पल घाल."

दोरी पिशवीत बांधून आम्ही मॅडमच्या ऑफिसला गेलो. मामीनं बसायच्या आधीच सगळं सांगितलं. दोरी, कॅन, रबर. आणि मग, "मला वास येत नाही. थंडीपासून येत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "पण तुम्ही तर प्रत्येक ठिकाणी बरोबर..." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "म्हणजे तो खोकला?"

"हो," मी म्हटलं. "औषध चांगलं होतं पण."

मला वाटलं हसतील. नाही हसल्या. चांगल्याच चिडल्या. आवाज न चढवता चिडतात त्या, ते जास्त लागतं. म्हणाल्या, मातीचे नमुने लॅबनं तपासलेत, त्यांची काळजी नाही, पण माझ्याशी खोटं वागलात. मामी म्हणाली, "वागले." मी म्हटलं, "मी वागले, खोकत मी होते," तर मामी म्हणाली, "तू थांब." मॅडम म्हणाल्या, पाणी खात्याला कळवावं लागेल, आणि याचा निकाल लागेपर्यंत मामीला नवीन काम देता येणार नाही. मामी म्हणाली, बरोबर आहे. मी दाराला लाथ मारणार होते, पण दार सरकतं होतं.

मग मॅडम उठल्या, कपाटातून नव्या दोऱ्यांचं अख्खं खोकं काढलं. "उद्या परत घेऊ. विहीर आधी उपसायची, मग पाणी काढायचं. बॉयलरच्या टाकीशेजारीही एक भोक पाडायचं, म्हणजे तोही प्रश्न मिटेल. मशीन लागेल, मामी. हे नवीन काम नाही, जुनंच आहे."

मामी म्हणाली, "सकाळी येतो." आणि लाँड्रीवालीला मीच सांगणार, मॅडम नाही, असंही म्हणाली.

लाँड्रीवालीनं ऐकून घेतलं. मग जे सुरू झाली! "दोरीला डिझेल? आणि मी चोर? दवाखान्यानं माझ्या चादरी दुसऱ्या लाँड्रीत पाठवल्यात, माहीत आहे? माझ्या नणंदा काल उपाशी झोपल्या, रुसून का होईना!" मामी मान खाली घालून उभी. मला सहन होईना. मी पुढं झाले. "न सांगता बसली असती तर तुम्हाला कधी कळलं असतं का? गप्प राहिली असती तरी चाललं असतं तिचं!"

"वादळे!" मामी.

लाँड्रीवालीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ही कोण?"

"भाची," मामी म्हणाली. "तोंड तेवढं सुटलंय. बाकी हात चांगले आहेत."

"तोंड माझ्या धाकट्या नणंदेवर गेलंय," लाँड्रीवाली म्हणाली आणि विहिरीकडं जाऊन कट्ट्यावर बसली. "काढा. पण मी इथंच बसणार."

पंपाचं सील खात्याच्या माणसासमोर निघालं, विहीर उपसली. उपसलेलं पाणीही टाकीत धरलं, गटारात सोडलं नाही. स्वच्छ हात मॅडमचे. मामी बॉयलरशेजारी क्रेटवर उभी राहून मशीन चालवत होती. मातीची कांडी निघाली. मॅडमनी दुसऱ्या ऑफिसातून मागून आणलेला मीटर तिच्यावरून फिरवला. आकडा जागचा हलला नाही. मामीनं माझ्याकडे बघितलं, सवयीनं. मी खोकले नाही. मामी म्हणाली, "मीटर चांगला आहे. औषध लागत नाही त्याला." आता मॅडम हसल्या.

निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत मामीचा फोन वाजला नाही. ती अंगणात मशिनचे सांधे पुसत बसायची, पुसलेलेच परत पुसायची. मामा तिच्यासमोर वाटी धरायचा. लवंग, कॉफीची पूड, लिंबाची साल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज हुंगायचं, नाकाला आठवण करून द्यायची. मामी डोळे मिटून हुंगायची. "काय आहे सांग?" "वाटी आहे." रोज हेच. एक दिवस म्हणाली, "काहीतरी आहे. काय ते कळत नाही, पण काहीतरी आहे." लवंग होती. मामानं वाटी खाली ठेवली आणि उगाचच माझ्यावर ओरडला की गाडी पुसली का.

मग मॅडमचा फोन आला. मामीनं स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात ग्रीसचे होते.

विहिरीत डिझेल नाही. बॉयलरशेजारच्या मातीत नाही. ते दोरीचंच होतं. आणि वर्कशॉपचं डिझेल लिंबाच्या अलीकडेच थांबलंय. तिथं चिकणमाती आहे, शिवाय जीवाणू त्याला पुढून खात चाललेत. आता वर्कशॉपमधली खराब माती उचलून नेतील, आणि गल्लीतलं पाणी दर हंगामाला तपासत राहायचं. ते हळूहळू मागं सरकायला हवं. सरकतंय की नाही, ते मोजायचं काम कुणीतरी करायला हवं.

मामी म्हणाली, "कुणीतरी म्हणजे?"

"मी खात्याला सगळं लिहून कळवलंय, मामी. चूक कशी झाली आणि ती कुणी येऊन सांगितली, तेही. ते म्हणतायत, तुम्हीच करा. फक्त दोन अटी आहेत. डिझेलचा कॅन वेगळ्या गाडीत. आणि मीटर चालवायला तुमची भाची शिकणार. वर्ग असतो त्याचा, परीक्षा असते."

"परीक्षा?" मी ओरडले.

"खोकून पास होता येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मामीनं ग्रीसच्या हातानं डोळे पुसले आणि अख्खं तोंड काळं करून घेतलं. मामा म्हणाला, "आरसा आणू?" ती म्हणाली, "आमटी आण. आणि आज मीठ कमी पडलं तर बघ."

परीक्षा मी दुसऱ्या फेरीत पास झाले. पहिल्या फेरीचं इथं काढायचं नाही.

परवा हंगामाचं पहिलं पाणी घ्यायला गेलो. वर्कशॉपमधली काळी माती गेलीय, तिथं खड्ड्यात नवी माती भरलीय, कडेनं गवत उगवलंय. भिंतीजवळच्या पाइपचा आकडा आधीपेक्षा कमी आला. फार नाही, पण कमी. मॅडमनी तो दोनदा बघितला. मामीनं मला पण बघायला लावला.

लाँड्रीत वाफ, साबण, भांडण, सगळं जोरात. लाँड्रीवाली आमची वाटच बघत होती. खुर्ची विहिरीला लावून, पदर खोचून.

"डिझेल कुठंय?"

"दुसऱ्या गाडीत. गल्लीच्या बाहेर," मामी म्हणाली.

"हिचे हात?"

"स्वच्छ," मी म्हटलं आणि दाखवले.

"हातमोजे नवे का?"

"नवे."

"आणि दोरी?"

मामीनं दोरीचं पाकीट पिशवीतून काढलं. मी फाडायला हात पुढं केला तर मामीनं माझ्या हातावर चापट मारली, आणि पाकीट लाँड्रीवालीपुढं धरलं.

"घ्या ताई. तुम्ही फोडा."

लाँड्रीवालीनं आधी पाकीट उजेडाकडं धरून बघितलं, मग दातानं फोडायला निघाली.

"अहो दातानं नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. आतून धाकटी नणंद कात्री घेऊन पळत आली.